सरकारी वकिलांच्या ऑफिसात चार आठवडे: विधीच्या विद्यार्थ्यांनी जावं का?

पांदण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी कोरडवाहू शेती, कापूस अन् तूर. कॉलेज जिल्ह्याच्या गावी, आमच्या गावाहून एसटीनं दीड तास. हिवाळी परीक्षा झाल्यावर मी जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयात चार आठवडे इंटर्नशिप केली. जिल्हा सांगत नाही. तिथल्या फायली लोकांच्या आयुष्याच्या आहेत आणि आमच्याकडे प्रकल्पाचं नाव घेतलं की गाव ओळखू येतं.

लिहिते आहे कारण ही जागा मला कोणी सांगितलीच नव्हती. वर्गातली बहुतेक मुलं नागपूरला एखाद्या सिनियरकडे जातात, ज्यांना परवडतं ती पुण्या-मुंबईला. उरलेले कोणाकडून तरी प्रमाणपत्र आणतात. मीही तेच करणार होते. आमच्या एका मॅडमनी सुचवलं, म्हणून प्राचार्यांचं पत्र घेऊन गेले.

आधी एक घोळ दूर करते, माझाही होता. "सरकारी वकील" म्हटलं की आपल्याला खुनाचा खटलाच दिसतो. जिल्हा सरकारी वकील सेशन कोर्टातले फौजदारी खटले तर चालवतातच, पण शासनाविरुद्धचे दिवाणी दावेही त्यांच्याकडेच असतात. ही नेमणूक विधी व न्याय विभागाची. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभे राहतात ते सहायक सरकारी अभियोक्ता. ते अभियोग संचालनालयाचे, म्हणजे गृह विभागाकडचे, आणि त्यांची भरती एमपीएससीतून होते. म्हणून अर्ज करताना कोणत्या दारात उभे आहोत ते पाहा. मला दिवाणी बाजू मिळाली.

पहिल्या दिवशी सरांनी एक फाईल पुढ्यात ठेवली. भूसंपादनाची, मोबदला वाढवून मागितल्याची. तीनशेच्या वर पानं, कडा कुरतडलेल्या, निम्मे कागद उलटसुलट लावलेले. म्हणाले, "कायदा नंतर. आधी यातल्या सगळ्या तारखा एका कागदावर काढ."

तीन दिवस लागले. १८९४ च्या जुन्या कायद्यातली फाईल होती. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, ताबा पावती, निवाडा (म्हणजे अधिकाऱ्यानं ठरवलेला मोबदला), निवाडा झाल्याचं कळवणारी १२(२) ची नोटीस, मग मोबदला वाढवून मागणारा शेतकऱ्याचा कलम १८ खालचा अर्ज. वर्गात ही कलमं पाठ केली होती. तारखा ओळीनं लावल्यावर समजलं की प्रत्येक दोन तारखांच्या मधलं अंतर हाच एक कायद्याचा प्रश्न आहे. निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल तर अर्जाला सहा आठवडे. नसेल तर १२(२) ची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातली जी मुदत आधी संपेल ती. म्हणजे नोटिशीच्या पोचपावतीवर अंगठा कोणाचा, आणि त्याखाली तारीख आहे का, यावर एका कुटुंबाचा मोबदला लटकलेला. ती पोचपावती तीनशे पानांत दुसऱ्याच कागदाच्या मागे टाचलेली सापडली.

दुसरी गोष्ट व्याजाची. समजा कोर्टानं १ लाख रुपये वाढवून दिले. त्यावर, जमीन सक्तीनं घेतली म्हणून, ३० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे १ लाख ३० हजार. ताब्यापासून पहिल्या वर्षाचं व्याज ९ टक्क्यांनी ११,७००. पुढं दरवर्षी १५ टक्क्यांनी १९,५००. प्रकरण दहा वर्षं चाललं तर नुसतं व्याज १,८७,२०० होतं. बाजारभावावरची १२ टक्क्यांची वाढ वेगळीच. हे गणित मी स्वतः मांडलं तेव्हा हात थांबला. मुद्दलापेक्षा व्याज जास्त, आणि हे पैसे तुमच्या-माझ्या करातून जाणार. तिकडे ज्याला मिळायचे तो दहा वर्षं पोरीचं लग्न पुढं ढकलतोय.

उशीर कुठं होतो तेही पाहिलं. दावा आला की सरकारी वकील संबंधित खात्याकडून परिच्छेदनिहाय अभिप्राय मागवतात. ते आल्याशिवाय लेखी जबाब लिहिताच येत नाही. वकिलाला काय माहीत, त्या वावरात विहीर होती की नव्हती. एका प्रकरणात खात्याकडून अभिप्राय आलेच नाहीत. पत्रं गेली, फोन झाले. पेशीच्या दिवशी सर रिकाम्या हातानं उभे. समोर एक म्हातारे काकाजी आले होते, धोतर, हातात कापडी पिशवी, चाळीस किलोमीटरवरून. पुढची तारीख पडली. बाहेर ते मलाच विचारत होते, "पोरी, आज काय झालं?" मी सरकारच्या बाजूनं बसलेली. काय सांगू? तारीख सांगितली, कागदावर लिहून दिली.

माझं मत असं झालंय की आपल्याकडच्या मुलांनी हे काम करावंच. तारखांची यादी नीट केलेली फाईल आणि न केलेली फाईल यात वर्षांचा फरक पडतो, आणि ते काम करायला तिथं माणसं कमी आहेत. कोणी आधी गेलं असेल तर अनुभव सांगा. नवीन मुलांनी प्रश्न विचारा.

---

पहिलं_वर्ष

ताई, खूप कामाचं लिहिलंत. मी पाच वर्षांच्या कोर्सला दुसऱ्या वर्षात आहे (आयडी जुना आहे). उन्हाळ्यात घरीच असतो, तर मे महिन्यात जाऊ का? आणि सलग दोन महिने केलं तर चालेल का?

---

पांदण

मे नको. दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुटी असते, बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामांच्या यादीत, काहीच नसतं. जुलै-ऑगस्ट किंवा हिवाळी परीक्षेनंतर जा.

सलग दोन महिने मोजले जात नाहीत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे आहेत, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही. तुला पाच वर्षं आहेत, दरवर्षी चार आठवडे धर. एखादं वर्ष ट्रायल कोर्टाला, एखादं अपिलाच्या कोर्टाला दे, नियमांत तेही अपेक्षित आहे. शिवाय शेवटी प्रॅक्टिकलच्या पेपरला दोन खटले पाहून टिपणं लिहावी लागतात. ती इथंच होऊन जातात.

---

जुना_शिरस्तेदार

मी दिवाणी न्यायालयात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. ही मुलगी तारखांबद्दल जे म्हणते ते शंभर टक्के बरोबर आहे. त्यात थोडी भर घालतो.

फाईल हातात आली की आधी रोजनामा वाचावा. वादपत्र नंतर. रोजनाम्यात प्रकरणाची सगळी चाल असते: कोण गैरहजर, कोणाला खर्च लावला, कोणता अर्ज कधी निकाली. निशाणी १ म्हणजे दावा, निशाणी ५ बहुतेक वेळा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, हे एकदा डोक्यात बसले की पाने भराभर उलटता येतात. दस्तऐवज यादीशी प्रत्येक कागद ताडून पाहावा. यादीत सात कागद आणि फाईलमध्ये सहा, हे किती वेळा झाले असेल याला गणती नाही. त्या सातव्या कागदासाठी मग साक्षीदार परत बोलवावा लागतो.

शासनाविरुद्धचा दावा असेल तर आणखी एक. दावा लावण्याआधी शासनाला द्यायची दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस गेली होती का, आणि तिला दोन महिने झाल्यावर दावा लागला का, हे पाहावे. तातडीच्या प्रकरणात न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा लावता येतो, पण तशी परवानगी घेतल्याची नोंद हवी. नोटीस खात्याच्या आवक नोंदवहीत कोणत्या तारखेला चढली तेही बघा. पुष्कळ वेळा नोटिशीत शेतकऱ्याने जे मागितलेले असते ते खाते दोन महिन्यांत देऊ शकले असते आणि दावाच झाला नसता. ती दोन महिन्यांची मुदत कायद्याने त्यासाठीच ठेवली आहे. ती वाया जाताना मी आयुष्यभर पाहिली. त्याचे वाईट अजूनही वाटते.

आणि बेटा, मूळ कागदावर पेनने खूण कधीही करू नको.

---

कास्तकार_वणीकडचा

ताई, राग मानू नका. पन मले हे समजत नाई. तुमी कास्तकाराची पोरगी. आमचं वावर प्रकल्पात गेलं, बापानं मोबदल्यासाठी कोर्टाचे पायरे झिजवले, तो निकाल लागाच्या आधीच गेला. समोर सरकारी वकील दर पेशीले उभा राहून म्हने का, दिला तेवढा भाव बरोबर हाय. आता आपलेच पोरं जाऊन त्याहीच्या फायली लावून देतील, तर आमी कोनाकडं पाहाचं? शिकाचंच असंन तर कास्तकाराच्या वकिलाकडं जा ना. तिथंबी फायली हायेत.

---

पांदण

दादा, राग कशाचा. हाच प्रश्न माझ्या बाबांनी विचारला होता. दोन रात्री बोलले नाहीत माझ्याशी. म्हणून नीट सांगते. ओळख पटू नये म्हणून पीक आणि आकडे बदलले आहेत.

त्याच पहिल्या फायलीत संयुक्त मोजणीचं पत्रक होतं, भूमापक आणि खात्याच्या माणसांनी मिळून केलेलं. शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात होतं, "बांधीव विहीर १, संत्रा झाडे ४०." निवाडा काढून पाहिला तर त्यात ती जमीन कोरडवाहू धरलेली. विहिरीचे पैसे नाहीत, झाडांचेही नाहीत. शेतकऱ्याच्या वकिलांच्या अर्जात ओलीत असल्याचं म्हटलं होतं, पण त्यांच्याकडं नुसता सात-बारा होता आणि त्यावर पीकपेरा अर्धवट. मोजणीचं पत्रक आमच्या गठ्ठ्यात.

मी ते सरांना दाखवायचं की नाही, यावर संध्याकाळच्या एसटीत विचार करत बसले. खोटं नाही सांगत, पोटात गोळा आला होता. मला वाटलं, दाखवलं तर ते बाजूला ठेवून देतील.

दुसऱ्या दिवशी दाखवलं. सरांनी दोनदा वाचलं, भूसंपादन अधिकाऱ्यांच्या ऑफिसला त्याच दिवशी पत्र लिहायला लावलं की झाडं-विहिरीचं मूल्यांकन का झालं नाही याचा खुलासा पाठवा, आणि पत्रक दस्तऐवज यादीसह कोर्टात दाखल केलं. मला एवढंच म्हणाले, "आपल्या कागदात आहे ते कोर्टापासून लपवायचं नसतं."

पण त्याच फायलीत दुसरी बाजूही होती. अर्जात जो भाव मागितला होता त्याला आधार म्हणून एक खरेदीखत जोडलं होतं. मी नकाशा घेऊन बसले. ते खरेदीखत डांबरी रस्त्याला लागून असलेल्या छोट्या प्लॉटचं, आणि संपादित वावर आत अडीच किलोमीटर, पांदण रस्त्यानं जावं लागणारं. छोट्या तुकड्याचा भाव मोठ्या शेतजमिनीला जसाच्या तसा लागत नाही, त्यातून कपात करावी लागते. ती हरकत सरांनी घेतली आणि ती घ्यायलाच हवी होती.

दादा, तुमच्या वडिलांच्या वेळी समोर उभा असलेल्या वकिलाच्या गठ्ठ्यात काय होतं ते मला माहीत नाही. पण तो गठ्ठा कोणी पूर्ण वाचला असता तर बरं झालं असतं, एवढं मला वाटतं. मी वाचायला गेले.

---

कास्तकार_वणीकडचा

विहिरीचं वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्याबी वावरात विहीर होती.

एक विचारतो. आमच्या शेजाऱ्यानं १८ चा अर्ज केला होता, त्याले कोर्टानं वाढ देली. माह्या काकानं अर्जच केला नोता, मिळाले तेवढे पैसे घेऊन मोकळा झाला. त्याले आता काई करता येते का?

---

काळा_कोट

इथं मी उत्तर देतो, रोज हीच प्रकरणं चालवतो (शेतकऱ्यांच्या बाजूनं).

जुन्या कायद्यात कलम २८-अ आहे. एकाच अधिसूचनेखाली जमिनी गेल्या असतील आणि शेजाऱ्याला कोर्टानं वाढ दिली असेल, तर ज्यानं कलम १८ खाली अर्जच केला नव्हता तो त्या कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो. निवाड्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस आणि निवाड्याचा दिवस यातून वगळतात. काकांचं नाव, गट नंबर आणि शेजाऱ्याच्या निकालाची तारीख घेऊन लगेच नक्कल काढा. मुदत गेली असेल तर अवघड आहे, खोटी आशा दाखवत नाही. २०१३ च्या नव्या कायद्यात अशीच तरतूद कलम ७३ मध्ये आहे.

कोणता कायदा लागू, याचा ढोबळ नियम: १ जानेवारी २०१४ च्या आधी निवाडा झाला असेल तर जुन्या कायद्याची गाडी पुढं चालते. तोवर निवाडाच झाला नव्हता तर मोबदला नव्या कायद्यानं, तिथं दिलासा रक्कम १०० टक्के.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

धाग्याच्या विषयावर एवढंच की समोरच्या बाजूला तयारीचा माणूस असला तर माझं काम सोपं होतं. सरकार पक्षाची फाईल अर्धवट असते तेव्हा मलाही तारीखच मिळते.

---

मोहफूल

मी गडचिरोलीकडची. आमच्या भागात वेगळंच असतं, म्हणून लिहिते. मी पण सरकारी वकिलांकडे होते, पण तिथं जमिनीच्या फायलींत निस्तार पत्रक (गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांची नोंद), माजी मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांचे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांचे तलाव), झुडपी जंगल (नोंदीत खुरट्या झुडपांची म्हणून लागलेली जमीन) असे शब्द यायचे. पुस्तकात कुठंच नव्हते. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि तलाव शासनाकडे आले, पण तलावाच्या पाण्यावर, गाळपेऱ्यावर गावाचे हक्क काय होते ते जुन्या नोंदींतच सापडतं. झुडपी जंगलाचं तर पूर्व विदर्भात प्रत्येक दुसऱ्या गावात. गावठाण, शाळा, स्मशान त्यावरच. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या जमिनी वनजमिनीच धरायच्या असं सांगितल्यावर आमच्या गावात सभा झाली होती. लोक मला विचारत होते, तू कायदा शिकतेस, आमचं घर राहील का. मी निकाल वाचून काढला, १९९६ च्या आधीची वाटपं कशी हाताळायची ते त्यात आहे, तेवढं समजावलं.

तुमच्याकडे वऱ्हाडात मालगुजारी नव्हती ना? मग कोणती जुनी कागदपत्रं लागतात?

---

जुना_शिरस्तेदार

बरोबर, वऱ्हाड हा निजामाकडून इंग्रजांकडे गेलेला मुलूख, तिथे रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. त्यामुळे एकाच विदर्भात पूर्वेचे आणि पश्चिमेचे जुने दप्तर निरनिराळे. मालकीचा वाद असेल तर १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी आधी मागवावी, मग तिथून पुढचे फेरफार एकेक करून आजच्या सात-बारापर्यंत यावे. साखळीत एक कडी जरी सुटली तरी उलटतपासणीत नेमके तिथेच बोट ठेवतात. विद्यार्थ्याने दोन दिवस तहसीलच्या अभिलेख कक्षात बसून ही साखळी एकदा स्वतः जुळवावी. महसूल कायद्याचे वर्षभराचे तास एकीकडे आणि ते दोन दिवस एकीकडे.

---

सेवाग्रामरोड

फौजदारी बाजूचं कोणी बोललं नाही, म्हणून मी. मी सहायक सरकारी अभियोक्त्यांकडे तीन आठवडे होतो, वर्धा जिल्ह्यात. आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, त्यामुळे बोर्डावर दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ च्या केसेस भरपूर. प्रत्येक पंचनाम्यात तेच शब्द: "मोहा सडवा रसायन", म्हणजे दारू गाळण्यासाठी सडवलेला मोह. सुरुवातीला कंटाळा आला. मग मॅडमनी एक काम दिलं: पंचनामा, मुद्देमालाची पावती, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आणि दोषारोपपत्र, या चार कागदांतला नमुन्याचा नंबर, सीलचं वर्णन आणि तारखा जुळतात का ते पाहा. दहापैकी काहींत जुळत नव्हत्या. बाटलीवरच्या लेबलात एक, अहवालात दुसरंच. अशा केसमध्ये आरोपी सुटणार हे साक्ष सुरू होण्याआधी दिसतं. मॅडमनी पोलीस ठाण्याला तसं कळवलं, पुढच्या केसेससाठी.

पंच फितूर होतात म्हणून आपण त्यांना नावं ठेवतो. एक पंच मजूर होता, चौथ्यांदा आला होता. दर वेळी दिवसाची मजुरी बुडाली. मॅडम त्याला भत्ता मिळेल म्हणून अर्ज द्यायला लावत होत्या आणि त्याला आधी बसायला खुर्ची दिली. त्याचा जबाब ठीक झाला. खुर्चीमुळं झाला असं म्हणत नाही, पण मी ते विसरलो नाही.

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, म्हणून नव्या विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवा: त्या तारखेआधीचा गुन्हा असेल तर भारतीय दंड संहिताच लागते. कोर्टात दोन्ही चालू आहेत. मी कलमांच्या दोन रकान्यांचं कोष्टक करून खिशात ठेवायचो. आरोपीचा जबाब जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१३ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) ३५१ खाली. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आधी जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब, आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३.

---

पांदण

सेवाग्रामरोड, चार कागद जुळवण्याचं फार छान सांगितलंत. मी हेच माझ्या मैत्रिणीला देणार आहे, ती पुढच्या महिन्यात तिकडं जाते आहे.

फौजदारी बाजूला जाणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. लैंगिक अत्याचाराच्या आणि पोक्सोच्या फायली हाती येतात. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. घरी, मैत्रिणींत, व्हॉट्सॅपवर, कुठंच गावाचं नावसुद्धा घेऊ नका. आपल्याकडे गाव आणि वय सांगितलं की घर कळतं. अशा साक्षी बंद दालनात चालतात, बाहेर जायला सांगितलं तर लगेच उठा. आणि कोणत्याही फायलीचा मोबाइलवर फोटो काढायचा नाही. मला पहिल्या आठवड्यात वाटलं होतं की अभ्यासाला काढून ठेवावा. सरांनी विचारलं, "तुझा मोबाइल हरवला तर?" त्यानंतर वहीच वापरली.

---

नागपूरकर_वकील

धागा वाचून समाधान वाटलं. दोन गोष्टींवर वेगळं मत आहे.

पहिली, मोफत कामाची. ज्या मुलाच्या घरी महिन्याला भाडं-जेवणाचे पैसे नाहीत त्याला चार आठवडे रोज जाणं-येणं हा खर्च आहे. एसटीत मुलींना सवलत आहे, तेवढाच आधार. "करावंच" असं सरसकट म्हणू नये. कॉलेजांनी किमान प्रवासखर्च द्यावा, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.

दुसरी, काही मुलं या अनुभवाकडे न्यायाधीश परीक्षेची पायरी म्हणून पाहतात. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीश पदाला तीन वर्षांची वकिली परत आवश्यक केली आहे. ती बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नावनोंदणीच्या तारखेपासून मोजतात. पदवीनंतर न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेलं काम त्यात धरलं जातं. विद्यार्थी असतानाची इंटर्नशिप धरली जात नाही, मग ती कोणाकडेही असो. हे माहीत नसल्यानं पुढं निराशा होते, म्हणून स्पष्ट सांगतो.

---

पांदण

सर, दोन्ही मान्य. पैशाचा मुद्दा माझ्याकडून राहिला. मला बाबांनी तुरीचे पैसे आल्यावर पास काढून दिला, आणि माझ्या सोबत येणार होती ती मैत्रीण खर्चामुळंच आली नाही. "करावंच" हा शब्द मी मागं घेते. ज्यांना जमेल त्यांनी करावं, आणि प्रवासखर्चाचा अर्ज आम्ही वर्गातून प्राचार्यांना देतो आहोत. मसुदा मी लिहिते, इथं टाकते. तपासून द्याल का?

---

नागपूरकर_वकील

टाका. आनंदानं.

---

पहिलं_वर्ष

ताई, प्राचार्यांचं पत्र मिळालं! जुलैच्या पहिल्या सोमवारपासून. सोबत काय न्यायचं? आणि कोर्टात मला बोलता येईल का?

---

पांदण

अभिनंदन! बोलायचं नाही. वकिली फक्त नाव नोंदवलेल्या वकिलालाच करता येते. सर तारीख घ्यायला सांगतील तरी तू फक्त लिहून घे.

पांढरा शर्ट, काळी किंवा पांढरी पँट, काळा टाय, काळा कोट, बूट. जुलै आहे, कोट पिशवीत ने आणि कोर्टाच्या आवारात घाल. मोठी वही, शिसपेन्सिल, चिकटवायच्या रंगीत पट्ट्या, पाण्याची बाटली, डबा. मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप टाकून ठेव, प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र असा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकला की कोणत्याही प्रकरणाची पुढची तारीख दिसते. बाहेर बसलेले लोक तुला विचारतील, त्यांना ती दाखवता येईल.

तारखांच्या यादीला मी पाच रकाने करत होते: तारीख, काय घडलं, कोणत्या कागदावरून, पान नंबर, आणि शेवटचा रिकामा. त्या रिकाम्या रकान्यात "कागद नाही" एवढंच लिहायचं, जिथं कागद असायला हवा होता तिथं. सर सगळ्यात आधी तोच रकाना वाचायचे.

आणि गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे, ते पहिल्याच दिवशी ऑफिसात सांगून ठेव.

---

कास्तकार_वणीकडचा

काकाच्या शेजाऱ्याच्या निकालाची नक्कल काल मागितली. निकालाले दोन महिने अकरा दिवस झालेत. काळा कोट साहेब, तुमाले खाजगी निरोप टाकला हाय, पाहून घ्या.

---

काळा_कोट

पाहिला. नक्कल हातात येण्याची वाट पाहू नका, अर्जाचा मसुदा आजच करू. उद्या सकाळी अकराच्या आधी या, काकांना सोबत आणा, आणि निवाड्याच्या वेळी मिळालेला जो काही कागद घरात असेल तो सगळा आणा. ट्रंकेतला, देवघरातला, कुठलाही.